डावी सपात

सेहेचाळीस वर्षं मी लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरते आहे आणि आजवर कुणाच्या कानाला साधा ओरखडा आलेला नाही. ही फुशारकी मी इतक्यांदा मारली आहे की उओमाची नावाच्या आमच्या पेठेतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती पाठ आहे. सासरे गेले, मग नवरा गेला, दुकान माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा लोक कुजबुजले होते की बाईमाणूस वस्तरा धरणार म्हणजे आज ना उद्या कुणाचं तरी नाक जाणार. कुणाचं काही गेलं नाही. या फुशारकीपायीच तीस डिसेंबरला जे घडलं ते मी तीन महिने पोटात ठेवलं. एका भल्या माणसाचं सगळं आयुष्य त्यात बुडायला निघालं होतं.

त्या माणसाचं नाव मोमोसे काइजी, आदरानं सगळ्यांचे मोमोसेसान. वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या गावात टपाल वाटलं. कुणाचं घर कुठल्या बोळात, कुणाचा कुत्रा चावरा आणि कुणाच्या मुलाचं पत्र वर्षातून एकदाच येतं, हे सगळं त्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यावरही घरी बसवेना, म्हणून रोज सकाळी साडेसहाला देवळामागच्या मैदानात रेडिओ घेऊन उभे राहायचे. रेडिओवर कवायतीचं संगीत लागलं की ते पुढे आणि आम्ही वीसेक म्हातारेकोतारे मागे. पाऊस असो, समुद्रावरून बर्फाचा वारा येवो, मोमोसेसान हजर. मीही जाते. गुडघ्यांसाठी जाते असं सांगते, खरं तर गप्पांसाठी जाते.

तीस डिसेंबरला आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. नव्या वर्षात झिपऱ्या घेऊन जायचं म्हणजे लाजच, त्यामुळे सगळे एकाच दिवशी येतात. मोमोसेसानांचं काम दुपारी झालं. त्यांनी सपाता काढून मांडणीवर ठेवल्या आणि आपले बूट चढवले. आमच्याकडे चपला बाहेर काढून सपाता घालायची पद्धत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. मी निरोप द्यायला दारापर्यंत गेले.

"वर्षभर सांभाळून घेतलंत," ते वाकून म्हणाले.

"छे हो, तुम्हीच आम्हाला सांभाळलंत," मी आणखी खाली वाकून म्हणाले.

ते त्याहून खाली वाकले. मी कशी मागे राहीन? असं चार-पाचदा झालं. शेवटी ते बाहेर पडले आणि मी वळले. तेवढ्यात त्यांना गळपट्टा राहिल्याचं आठवलं आणि मला त्यांच्या मुलीला नमस्कार सांगायचं आठवलं. ते उलटे फिरले, मी पायरी उतरले आणि दोघंही एकाच वेळी पुन्हा वाकलो.

टक्कन आवाज आला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"माफ करा, माफ करा! चूक माझी!"

"नाही, नाही, माझीच!"

माफी मागताना आम्ही परत वाकलो. दुसऱ्यांदा आपटलो नाही ही देवाची कृपा. त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूला, केसांच्या कडेला, लाल झालं होतं. मी म्हटलं, थंड पंचा आणते, बसा. त्यांनी दुकानात डोकावून पाहिलं. दाराशी वाट बघणारी दोघं वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसली होती, बाकीच्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. मग ते हळूच म्हणाले, "तेरुएसान, तुमच्या दुकानाचं नाव आहे. न्हावीणबाईंनी गिऱ्हाइकाचं डोकं फोडलं म्हटल्यावर लोक हसतील. हे आपल्या दोघांत राहू दे."

मी त्यांना हाताला धरून बसवायला हवं होतं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी गळपट्टा आणून दिला आणि ते गेले.

जानेवारीच्या शेवटी केस कापायला आले तेव्हा ठणठणीत होते. फक्त म्हणाले, "सकाळी डोकं जरा जड असतं."

"नव्या वर्षाची साके अजून उतरली नाही वाटतं," मी म्हटलं. ते हसले. मीही तेच खरं मानलं, कारण तेच माझ्या सोयीचं होतं.

फेब्रुवारीत कवायतीला मोमोसेसानांचा डावा हात वर जाईना. उजवा सरळ आकाशाकडे आणि डावा खांद्याशीच अडलेला.

"मोमोसेसान, डावा हात अजून पांघरुणात झोपलाय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

आम्ही सगळे खो खो हसलो. मी सर्वांत मोठ्यानं. मग एका सकाळी ते रेडिओ न आणताच आले आणि आमच्याकडे नुसते बघत उभे राहिले. त्याच आठवड्यात पेठेतली सूचनांची फाइल त्यांनी भलत्याच घरी नेऊन दिली. ती फाइल या घरातून त्या घरात फिरते, लहान मूलसुद्धा ती चुकवत नाही. आणि हे तर अंधारात डोळे मिटून पत्रं टाकणारे मोमोसेसान! लोक हळहळले, "वय झालं." मीही मान हलवली. माझ्या मनात काही पाल चुकचुकली नाही असं म्हणणार नाही. चुकचुकली, पण मी तिला गप्प बसवलं. दोन महिन्यांपूर्वीच्या एवढ्याशा टोल्याचा आणि याचा काय संबंध, असं मी स्वतःलाच विचारत होते आणि उत्तरही स्वतःच देत होते.

त्यांची मुलगी सायोरी ओकायामाला असते. ती रजा टाकून आली, बापाची अवस्था बघून घाबरली आणि त्यांना जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे त्यांना आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णवनंतर त्यांना पुढे जाता आलं नाही. सायोरीनं वृद्धाश्रमात जागा मिळवली. एक एप्रिलला जायचं, घर बंद करायचं आणि रेडिओ देवळाला देऊन टाकायचा, असं ठरलं.

वीस मार्चला ती त्यांना माझ्याकडे घेऊन आली. वृद्धाश्रमात नीटनेटकं जायला हवं म्हणून.

दुकानात तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं. मासळीवाले ओकिमुरा. दुसऱ्या खुर्चीत मागे रेलून, तोंडावर गरम पंचा घेऊन ते पडले होते. मोमोसेसान दारातून खुर्चीकडे येताना पाय ओढत होते. खुर्चीत बसल्यावर बघते तर उजव्या पायात सपात आहे आणि डावा पाय नुसत्या मोज्यावर. डावी सपात वाटेतच, जमिनीच्या मधोमध पडली होती. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी ती उचलून आणली, खाली बसून त्यांच्या पायात घातली. पाय बर्फासारखा गार.

"घरीही असंच करतात," सायोरी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "डावी सपात सगळ्या घरभर सापडते. काल मला आईच्या नावानं हाक मारली."

"डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला का?"

"त्यांच्याकडे ते यंत्र नाही. त्यांनी विचारलं, मध्यंतरी डोकं कुठे आपटलं होतं का? तसं काही असतं तर मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं असतं म्हणाले. पण बाबा ठाम नाही म्हणाले. बाकी सगळं अडखळत बोलत होते, हे मात्र एका दमात. हो ना बाबा? डोकं कुठे आपटलं नव्हतं ना?"

माझ्या हातात कात्री होती. मी आरशात पाहिलं. मोमोसेसानांचे डोळे धुक्यात असल्यासारखे होते, पण ते आरशातून माझ्याकडेच बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "कुठेही काही लागलं नाही."

मी कात्री चालवत राहिले. काय करणार होते? तोंड उघडलं असतं तर सेहेचाळीस वर्षं ओकिमुरांच्या पंच्याखालीच बुडाली असती. मासळीवाल्याच्या कानी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचते. केस कापले, मान साफ केली, खांद्यावरचं कापड झटकलं. स्वतःचीच किळस येत होती आणि हात मात्र सवयीनं चालत होते.

सायोरीनं त्यांना बूट घातले. दारात मी नेहमीसारखी उभी राहिले.

"सांभाळून राहा," मी म्हटलं आणि वाकायला लागले.

मोमोसेसानांनी उजवा हात पुढे करून मला थांबवलं. चौकटीला धरून ते एक पाऊल मागे सरकले. मग आणखी एक. दोघांच्या डोक्यांत किती अंतर आहे ते त्यांनी नीट पाहिलं आणि मगच हळूहळू वाकले.

मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. तारीख आठवत नव्हती. पण माझ्यासमोर वाकताना दोन पावलं मागे सरकायचं, हे त्या माणसाला आठवत होतं!

"सायोरीसान, थांबा!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "लागलं होतं. त्यांच्या डोक्याला लागलं होतं. माझं डोकं लागलं होतं, तीस डिसेंबरला, इथेच, याच दारात. ते खोटं बोलताहेत. माझ्यासाठी खोटं बोलताहेत."

सायोरी आधी माझ्याकडे आणि मग बापाकडे बघत राहिली.

"तीन महिने?" ती म्हणाली. "तीन महिने तुम्ही काही बोलला नाहीत?"

"नाही बोलले. मला हव्या त्या शिव्या द्या, पण गाडीत बसून द्या. आत्ताच्या आत्ता शहरात जायचं."

आतून पंच्याखालचा आवाज आला. "जा हो तुम्ही. मी इथेच शिजत पडतो. दुकान बघतो."

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचायला चाळीस मिनिटं लागली. सायोरी गाडी चालवताना एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. मोमोसेसान खिडकीतून बघत प्रत्येक टपालपेटीला मान तुकवत होते.

तिथे त्यांना लगेच यंत्रात घातलं. मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, निशिओका नावाच्या, माझ्या अर्ध्या वयाच्या. त्यांनी पडद्यावर फोटो लावला. त्या डोक्यावरून चाळीस वर्षं माझी बोटं फिरली होती. कुठे भोवरा आहे, कुठे लहानपणी पडल्याची खूण आहे, सगळं मला माहीत. आतून ते आज पहिल्यांदा बघत होते.

"ही पांढरी कड म्हणजे कवटी," त्या म्हणाल्या. "आणि इथे उजवीकडे, कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये, ही करडी चंद्रकोर दिसते? ते साचलेलं जुनं रक्त. ताजं रक्त पांढरं दिसतं, जुनं होत गेलं की करडं. ही मधली रेघ खरं तर सरळ हवी. ती डावीकडे ढकलली गेली आहे. उजव्या बाजूचा मेंदू दबलाय, म्हणून डावा हात आणि डावा पाय."

"म्हणून सपात," मी म्हटलं.

"सपात?"

मी सांगितलं. त्यांनी ते लिहूनच घेतलं. मग सायोरीला विचारू लागल्या.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"

"हो. ठोके अनियमित पडतात म्हणून, दोन वर्षं झाली."

"दारू?"

"संध्याकाळी एक पेला," सायोरी म्हणाली.

"तीन," मी म्हटलं. न्हाव्याला सगळं कळतं.

डॉक्टरबाई हसल्या. "वयानं मेंदू थोडा आक्रसतो. आत मोकळी जागा होते आणि बारीक शिरा ताणल्या जातात. त्यात वय अठ्ठ्याहत्तर, त्यात गोळी, त्यात रोजचे तीन पेले. मग एवढासा धक्काही पुरतो. शीर फुटते, रक्त थेंबाथेंबानं साचत राहतं. लोकांना वाटतं, आठ दिवस काही झालं नाही म्हणजे सुटलो. हे दुखणं दोन-तीन महिन्यांनी दार ठोठावतं आणि तेव्हा सगळे म्हणतात, वय झालं."

"म्हणजे हे माझ्यामुळेच झालं," मी म्हटलं.

"तसं मी सांगू शकत नाही. कपाटाच्या दारानंही झालं असेल. पण तुम्ही सांगितलं नसतं तर आज हा फोटो निघाला नसता, आणि हे मी नक्की सांगू शकते. गोळीचा परिणाम उतरवतो आणि उद्या सकाळी रक्त काढतो. हाडाला एक छोटं भोक, आतून धुऊन घ्यायचं, एक नळी ठेवायची. तेवढी जागाच बधिर करू. पूर्ण भूलसुद्धा लागणार नाही."

"आणि त्यांची आठवण?" सायोरीनं विचारलं. "परत येते?"

"बहुतेकांची येते. म्हणून तर घाई करायची."

सायोरी भिंतीकडे तोंड करून रडली. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमच्या डोक्याचाही फोटो काढा. तुमचंही आपटलं होतं."

तीन महिने मी तिच्या बापाला अंधारात ठेवलं आणि ही माझ्या डोक्याची काळजी करत होती. माझाही फोटो काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या की सगळं जागच्या जागी आहे.

"म्हणजे रिकामं नाही ना?" मी विचारलं.

"भरलेलं आहे आणि कवटी भलतीच टणक आहे," त्या म्हणाल्या. "हे मी मोमोसेसानांनाही सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही दोघी आत गेलो. डोक्याला पांढरी जाळी, उशाशी नळी. मोमोसेसान उशीला टेकून भाताची पेज खात होते, वाटी डाव्या हातात धरून. डाव्या हातात!

"सायोरी," ते म्हणाले. "एवढी वाळलीस कशी? जेवत नाहीस का?"

त्या मुलीला तिचं नाव परत मिळालं, तेव्हाचं तिचं तोंड मी कधी विसरणार नाही. मी दारातच बसले. नर्सनं विचारलं, तुम्हाला काय झालं? मी म्हटलं, काही नाही, देवाचे आभार मानतेय, आमच्यात ते बसूनच मानतात. खरं तर असं काही नाही.

दुपारपर्यंत ते नर्सला उओमाची पेठेतले पत्ते एकापाठोपाठ एक सांगत होते आणि कुठलं कुत्रं चावतं तेही. ते कुत्रं मरून वीस वर्षं झाली, पण तेवढं चालायचंच. सायोरीनं वृद्धाश्रमात फोन करून जागा नको म्हणून सांगितलं. फोन ठेवून तिनं माझा हात घट्ट धरला. "रागावलेली मी अजून आहे," ती म्हणाली, "पण बाबा घरी येणार आहेत." मी म्हटलं, राग ठेवा, जपून ठेवा, मला तो हवाच आहे.

गावात गोष्ट अर्थातच आधी पोचली होती. ओकिमुरांनी पंचा बाजूला केला असेल-नसेल, तोच बंदर गाठलं असणार. मी लाजेनं दोन दिवस कवायतीला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर एकजण म्हणाला, "तेरुएसान, लांबूनच नमस्कार हां!" आणि सगळे हसले. मग रेडिओ लागला. त्या दिवशी तीन जणांनी दुकानात येऊन विचारलं की मागे मी पडलो होतो, फोटो काढावा का. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. तीन महिने मी जे नाव जपत बसले होते, त्याची इतर कुणाला एवढी पडलेलीच नव्हती. त्या बावळटपणाची किंमत मोमोसेसान मोजणार होते, आणि ती त्यांना मोजावी लागली नाही. मी रोज सकाळी यासाठी हात जोडते.

एप्रिलच्या अखेरीस ते एकटे चालत आले. केस वाढले होते. मी हलक्या हातानं डोकं धुतलं. उजवीकडे, जखमेच्या रेषेखाली, बोटाला एक लहानसा खळगा लागला. माझं बोट तिथेच थांबलं.

"दुखतं?"

"नाही. पण तिथे बोट ठेवलंत की बरं वाटतं," ते म्हणाले. दारू आता महिन्यातून एकदा, एकच पेला, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

मी आरशात बघून म्हणाले, "एक विचारू? डॉक्टरांना खोटं का सांगितलंत? जीव गेला असता तुमचा."

"ते दिवस मला फारसे आठवत नाहीत," ते म्हणाले. "एवढंच आठवतं की कुणाचं तरी एक पाकीट माझ्याकडे होतं. कुणाचं, कशाचं, काही कळत नव्हतं. पण दुसऱ्याचं पाकीट मी उघडत नाही, तेरुएसान. चाळीस वर्षांत एकही उघडलं नाही. ते तुम्ही उघडलंत, फार बरं केलंत. तुमचंच होतं ते."

आभार त्यांनी मानले. मी मानायचे होते. मी त्यांची मान पुन्हा एकदा पुसली, पुसलेलीच होती तरी.

दारात आम्ही उभे राहिलो.

"तुम्ही आधी," मी म्हटलं.

"छे, तुम्ही आधी."

"नाही, आज तुम्हीच."

शेवटी ते रस्त्यापर्यंत मागे गेले, अगदी पलीकडच्या कडेला, आणि तिथून वाकले. मीही वाकले. मान वर केली तर ते अजून खालीच. मी परत वाकले. एक सायकलवाली आमच्या मधून घंटी वाजवत गेली. ते कमरेत नीट वाकलेले होते आणि दोन्ही हात मांड्यांशी एकसारखे टेकलेले. डावाही.

आत आले. मांडणीवर त्यांच्या सपाता होत्या. दोन्ही, शेजारी शेजारी, टोकं सरळ करून ठेवलेल्या. मी त्या उचलल्या आणि कापडानं पुसायला लागले, आणि मला रडू आवरेना.

"तेरुएसान," दुसऱ्या खुर्चीत दाढीची वाट बघत बसलेले ओकिमुरा म्हणाले, तोंडभर साबणाचा फेस. "स्वच्छ सपाता कशाला पुसताय? आणि रडताय काय?"

"गप्प बसा," मी म्हटलं आणि वस्तरा उचलला. "मान हलवू नका, नाहीतर कान जाईल."